मुख्य प्रशिक्षकाची निवड आणि त्यानंतरचे दीड वर्ष: छत्रपती संभाजीनगरमधील एका क्रिकेट केंद्राचे परीक्षण

१३ मे २०२४ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने पुरुषांच्या राष्ट्रीय संघासाठी मुख्य प्रशिक्षक पाहिजे अशी जाहिरात दिली, आणि त्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरमधल्या ज्या केंद्रात माझी मुलगी क्रिकेट शिकते तिथल्या फाटकावरही त्याच अर्थाचा एक कागद लागला. केंद्र मोठे नाही. चौसष्ट मुले, त्यांत त्या वेळी सहा मुली. एक टर्फची, म्हणजे माती-गवताची, खेळपट्टी, मॅट अंथरायच्या दोन सिमेंटच्या पट्ट्या, आणि बाकी सगळे मुरमाचे मैदान. आधीचे सर एप्रिलच्या अखेरीस सोडून गेले होते. केंद्र चालवणाऱ्या काकांनी नवा माणूस एकट्याने न ठरवता तीन पालकांना सोबत घ्यायचे ठरवले, आणि त्या तिघांत मी होते. निवडलेले सर १ जुलैला रुजू झाले, त्याला आता दीड वर्ष झाले. दरमहा फी भरणाऱ्या पालकाने या सेवेबद्दल जबाबदारीने काही लिहावे इतका हा काळ पुरेसा आहे. केंद्राचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव मी लिहीत नाही, कारण यात काही तक्रारी आहेत आणि लहान मुलांचे उल्लेख आहेत.

परीक्षणाची सुरुवात निवडीपासून करते आहे, कारण आज आम्हाला मिळणाऱ्या सेवेचे गुण आणि दोष दोन्ही त्या निवडीतच ठरून गेले होते, असे मागे वळून पाहताना दिसते. राष्ट्रीय संघाच्या निवडीचा उल्लेखही वारंवार येईल, कारण आम्ही तीच समोर ठेवून काम केले होते.

आधीच्या सरांचा खेळतानाचा मोठा फोटो फाटकावरच्या फलकावर होता, आणि ते राज्य पातळीवर खेळले होते हे खरेच होते. परंतु ते संध्याकाळी अर्धा तास येत, वरच्या गटातल्या चार-पाच मुलांशी बोलत आणि निघून जात. बाकीच्यांना दोन सहायक थ्रो-डाउन देत, म्हणजे जवळून हाताने चेंडू फेकून सराव देत. चौदा वर्षांचा एक वेगवान गोलंदाज रोज नेटमध्ये जवळजवळ न थांबता गोलंदाजी करीत असे, कारण मोठ्या मुलांच्या फलंदाजीच्या सरावासाठी तो हवा असे. त्याने किती षटके टाकली याची नोंद कोणीच ठेवत नव्हते. मार्चमध्ये त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी मणक्यावर ताण आल्याचे सांगून चार महिने चेंडू हातात घ्यायला मनाई केली, आणि त्याच्या वडिलांनी केंद्रात विचारणा केली तेव्हा गोलंदाज म्हटले की दुखणे आलेच, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. हे वडील पुढे आमच्या निवड समितीत होते. ते फार बोलत नसत, पण त्यांच्या प्रश्नांमुळे आमची सगळी चर्चा जमिनीवर राहिली.

पहिल्या बैठकीला काकांनी मंडळाच्या जाहिरातीची छापील प्रत आणली होती. त्या जाहिरातीतील अटी अशा होत्या: उमेदवार किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळलेला असावा, किंवा कसोटी खेळणाऱ्या पूर्ण सदस्य देशाचा किमान दोन वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिलेला असावा, किंवा सहसदस्य देशाच्या, आयपीएल अथवा तत्सम लीगमधील, प्रथम श्रेणीच्या वा राष्ट्रीय ‘अ’ संघाचा किमान तीन वर्षे मुख्य प्रशिक्षक असावा, किंवा मंडळाचे तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र अथवा त्या तोडीची पात्रता त्याच्याकडे असावी, आणि वय साठपेक्षा कमी असावे. चर्चा करताना आमच्यासकट सगळे जण पहिल्याच अटीपाशी अडकतात. तीस कसोटी आणि पन्नास एकदिवसीय हे आकडे लक्षात राहतात, आणि त्यांच्यामागे येणारा ‘किंवा’ डोळ्यांखालून निसटतो. प्रत्यक्षात चारपैकी तीन वाटा शिकवण्याच्या कामातून जाणाऱ्या आहेत.

त्या वाटा कागदापुरत्या नाहीत, हे दाखवणारी माणसे आपल्या राज्यातही आहेत. चंद्रकांत पंडित भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले, म्हणजे पहिल्या अटीत ते बसत नाहीत. पण विदर्भाला त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला, आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईला हरवले तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. तेंडुलकरला घडवणारे रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जॉन ब्युकॅनन प्रथम श्रेणीचे अवघे सात सामने खेळलेले, आणि त्यांच्या काळात त्या संघाने २००३ व २००७ चे विश्वचषक जिंकले. आपल्या महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमले गेलेले अमोल मुझुमदार प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळू शकले नाहीत.

समितीतले तिसरे पालक वेगळ्या मताचे होते, आणि त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नव्हते. त्यांनी गॅरी कर्स्टनचे उदाहरण दिले. १०१ कसोटी खेळलेला हा सलामीवीर २००८ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला तेव्हा कोणत्याही संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याने आधी काम केलेले नव्हते. मुलाखत सात मिनिटांत आटोपली असे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. तरीही त्याच्या काळात संघ कसोटी क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचला आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक जिंकला. त्याच्याआधीचे ग्रेग चॅपेल हे खेळाडू म्हणून त्याच्याहून मोठे होते, आणि २००७ च्या विश्वचषकात त्यांच्या संघाचे आव्हान पहिल्याच फेरीत संपले. म्हणजे मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो हाही नियम नाही आणि होत नाही हाही नाही. खेळाडू म्हणून झालेली नोंद आम्ही जमेलाही धरायची नाही आणि वजाबाकीलाही धरायची नाही, असे त्या दिवशी ठरले. हे ठरवायला दोन तास लागले.

माझ्या मते त्या जाहिरातीतील खरी उणीव पात्रतेत नव्हतीच. ती कामाच्या वर्णनात होती. संघाची कामगिरी आणि व्यवस्थापन यांची एकंदर जबाबदारी मुख्य प्रशिक्षकावर असेल, हे वाक्य कोणत्याही देशाच्या कोणत्याही काळातल्या जाहिरातीत चालले असते. मुदत १ जुलै २०२४ ते ३१ डिसेंबर २०२७ अशी साडेतीन वर्षांची होती, आणि त्या काळात कसोटी संघातली एक संपूर्ण पिढी बाजूला होणार हे दिसत होते. अश्विन डिसेंबर २०२४ मध्ये, रोहित शर्मा आणि विराट कोहली मे २०२५ मध्ये कसोटीतून निवृत्त झाले. तेव्हा या साडेतीन वर्षांचे मुख्य काम नवी कसोटी फळी उभी करण्याचे होते, आणि ते काम कोण करू शकेल असा प्रश्न आधी लिहून मग नावे पाहायला हवी होती. ९ जुलै २०२४ रोजी गौतम गंभीर यांचे नाव जाहीर झाले. त्यांच्या कारकिर्दीत मार्च २०२५ मध्ये संघाने चॅम्पियन्स करंडक जिंकला. त्याच कारकिर्दीत भारताला मायदेशातच न्यूझीलंडने २०२४ मध्ये कसोटी मालिकेत ०-३ आणि दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ०-२ असे हरवले. या दोन्ही गोष्टींचे माप एकाच फुटपट्टीने कसे काढायचे, याचे उत्तर मिळत नाही, कारण काम काय होते हे सुरुवातीला कोणी वेगळे करून लिहिलेलेच नव्हते. यात मी गंभीर यांना दोष देत नाही. नेमणाऱ्यांनी प्रश्न नीट लिहिला नाही, एवढेच म्हणते.

आमच्या जाहिरातीत आम्ही काम लिहिले. दहा ते तेरा वयाच्या मुलांचा पाया पक्का करणे. वेगवान गोलंदाजांच्या षटकांची रोजची नोंद ठेवणे. मुलींची वेगळी बॅच उभी करणे. आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या वयोगटातील निवड चाचण्यांसाठी मोठ्या मुलांची तयारी करून घेणे. या चार कामांपैकी शेवटचे काम सर्वांत जास्त दिसणारे असते आणि पहिले सर्वांत कमी. म्हणूनच पहिले काम आम्ही पहिल्या क्रमांकावर घातले.

सहा अर्ज आले. छाननीत एका पालकाने, समितीबाहेरच्या, पुण्याहून कोणी येत असेल तरच बोलवा, इथला माणूस काय शिकवणार, असे मत कळवले. मला त्या वाक्याचा फार त्रास झाला. संजय बांगर बीडमध्ये जन्मले. २००२ साली इंग्लंडमधल्या हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत त्यांनी २३६ चेंडू खेळून काढलेल्या ६८ धावा आणि द्रविडबरोबरची १७० धावांची भागीदारी यांवर भारताच्या एका मोठ्या विजयाचा पाया रचला गेला, आणि पुढे २०१४ ते २०१९ या काळात ते राष्ट्रीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक होते. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यात तर मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली. पैठणचा अंकित बावणे, जालन्याचा विजय झोल, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, बीडचा सचिन धस ही मुले याच मातीतून वर गेली. त्यांच्या हातात पहिल्यांदा बॅट देणारे, पाय कुठे टाकायचा हे सांगणारे कोणीतरी त्यांच्याच गावात असणार.

मुलाखतींसाठी आम्ही २०१९ ची पद्धत घेतली. त्या वर्षी कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने प्रशिक्षणाचे तत्त्व, अनुभव, प्रशिक्षक म्हणून मिळवलेले यश, संवादकौशल्य आणि आधुनिक साधनांचे ज्ञान या पाच बाबींवर गुण दिले होते. रवी शास्त्री पहिले, माइक हेसन दुसरे आणि टॉम मूडी तिसरे आले, आणि अंतर फारच थोडे होते असे कपिल देव यांनी सांगितले होते. गुण देण्याची ही रीत मला आजही आवडते, कारण त्यामुळे ‘माणूस चांगला वाटतो’ या शब्दांत निर्णय संपत नाही. परंतु आमच्या मुलाखती झाल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली: या पाचही बाबी खुर्चीवर बसून तपासल्या जातात. ज्याला बोलता येते त्याला पाचही ठिकाणी गुण मिळतात. कंबर धरलेल्या मुलाचे वडील तेव्हा म्हणाले, “ताई, बॅट्समन निवडताना आपण त्याला बॅटिंग करायला लावतो की मुलाखत घेतो?” त्यांच्या या एका प्रश्नामुळे पहिल्या तिघांना मैदानावर बोलावायचे ठरले. प्रत्येकाला सकाळचे नव्वद मिनिटे, तीच बारा मुले आणि तीच खेळपट्टी. आम्ही सायटस्क्रीनच्या सावलीत बसून पाहायचे, मध्ये बोलायचे नाही.

पहिले उमेदवार रणजी खेळलेले होते आणि मुलाखतीत सर्वांत पुढे होते. त्यांचे थ्रो-डाउन अचूक होते, आवाज मैदानभर पोहोचत होता, आणि नव्वद मिनिटांत त्यांनी बारापैकी पाच मुलांना खूप काही शिकवले. उरलेल्या सात मुलांना चेंडू गोळा करण्यापलीकडे काम नव्हते. माझी मुलगी त्या सातांत होती. पण मी हे लिहिते आहे ते तेवढ्यासाठी नाही, कारण शेजारी बसलेल्या दोघांच्या कागदावरही तीच नोंद होती. दुसरे उमेदवार तरुण, प्रमाणपत्रधारक. त्यांनी टॅबवर प्रत्येक मुलाचे चित्रण करून लगेच दाखवले. मुले हरखून गेली. चुका अचूक दिसल्या, पण एकेका मुलाला सहा-सात सुधारणा एकदम मिळाल्या, आणि पुढच्या चेंडूला त्यांतली कोणती लक्षात ठेवायची हे मुलांना कळेना.

तिसरे उमेदवार बीड जिल्ह्यातले, विद्यापीठ संघाकडून खेळलेले, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून दहा-बारा वर्षे मुलांचे संघ तयार केलेले. पहिली पंधरा मिनिटे त्यांनी काही शिकवलेच नाही. गोलंदाजाच्या हातामागे उभे राहून पाहत राहिले, आणि आम्हाला वाटले की त्यांचा वेळ वाया चालला आहे. मग त्यांनी एकेकाला नाव विचारले, कुठून येतोस विचारले, आणि पैठणहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या दोन भावांना सकाळी काय खाऊन निघता असे विचारले. ते काहीच खाऊन निघत नव्हते. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

त्या बारांत एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता. दोन महिन्यांपासून त्याची चेंडू टाकण्याआधीची धाव बिघडली होती. क्रीजजवळ आला की तो अडखळे आणि चेंडू एक तर डोक्यावरून जाई किंवा पायाशी पडे. पहिल्या उमेदवारांनी त्याला मनावर ताबा ठेवायला सांगितले होते, दुसऱ्यांनी त्याच्या खांद्याचा कोन दाखवला होता. या सरांनी चुन्याची पूड मागवली, त्याची पावले जमिनीवर आखली, चार वेळा नुसते पळवले, आणि मग त्याला बूट काढायला लावले. बूट एक नंबर मोठे होते. पाय वाढतो म्हणून वडिलांनी मापापेक्षा मोठे घेतले होते, जसे आपल्याकडे बहुतेक घरांत घेतात. अनवाणी धावून त्याने सहा चेंडू टाकले, त्यांतले पाच टप्प्यावर पडले. मी आयुष्यभर वर्गात शिकवत आले आहे. चूक जिथे दिसते तिथेच तिचे कारण नसते, हे इतक्या शांतपणे दाखवणारा शिक्षक मला क्वचित भेटला आहे.

निर्णय मात्र सोपा झाला नाही. मुलाखतीच्या गुणांत रणजी खेळलेले सर पुढे होते, मैदानावरच्या गुणांत बीडचे सर, आणि काकांना फलकाची काळजी होती, कारण मोठ्या नावावर प्रवेश होतात आणि प्रवेशांवर केंद्र चालते. ही काळजी रास्त आहे. शेवटी मोठ्या मुलांचे मत घ्यावे असे मी सुचवले. त्यामागे अनिल कुंबळे यांचे प्रकरण माझ्या डोक्यात होते. २०१६ मध्ये ५७ अर्जांतून तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीने त्यांना एका वर्षासाठी निवडले. त्या वर्षात संघ १७ पैकी १२ कसोटी जिंकला आणि एकच हरला. आणि तरीही १८ जून २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांत त्यांनी पद सोडले, कारण कर्णधार कोहलीला त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल आक्षेप असल्याचे त्यांना कळवण्यात आले होते. दोन वर्षांनी नेमके उलटे झाले आणि कोहलीने निवडीआधीच शास्त्री यांच्या बाजूने जाहीर मत दिले. दोन्ही वेळा खेळाडूंचे मत चुकीच्या वेळी आणि चुकीच्या मार्गाने पोहोचले, असे मला वाटते. ते आधी, बंद पाकिटात आणि समितीकडेच यायला हवे. आमच्या मुलांच्या चिठ्ठ्यांत टॅबवाले तरुण सर पहिले आले! आम्ही तो कौल जसाच्या तसा स्वीकारला नाही, पण फेकूनही दिला नाही: बीडच्या सरांना मुख्य प्रशिक्षक नेमले आणि तरुण सरांना आठवड्यातून दोन दिवस चित्रणासाठी बोलावले. मुदत दोन वर्षांची, दर सहा महिन्यांनी आढावा.

आता सेवेबद्दल. सर्वांत चांगले काम गोलंदाजांच्या नोंदवहीचे झाले आहे. नेटच्या खांबाला दोरीने बांधलेली एक साधी वही आहे आणि प्रत्येक वेगवान गोलंदाज त्या दिवशी टाकलेले चेंडू स्वतः लिहितो. ठरलेली संख्या झाली की त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला जातो, मग समोर फलंदाज कोणीही असो. कंबर धरलेला मुलगा चार महिन्यांनी नव्हे, सहा महिन्यांनी परत गोलंदाजी करू लागला, कारण सरांनी घाई केली नाही, आणि त्यानंतर त्याला त्रास झालेला नाही. लहान गटाचा पाया पक्का होतो आहे, हे मी माझ्या मुलीच्या पायांच्या हालचालीवरून सांगू शकते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सराव सकाळी सहा ते आठ असतो, मधे दोनदा पाणी आणि गूळ-शेंगदाणे सक्तीचे.

मुलींची बॅच सहावरून सतरावर गेली आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाचा अंतिम सामना केंद्रात पडदा लावून दाखवला गेला. सामन्याआधी सरांनी मुलींना धावा आणि बळी यांबद्दल न सांगता त्या स्पर्धेतल्या तीन पराभवांबद्दल सांगितले: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याविरुद्ध लागोपाठ हरल्यावर त्या संघाच्या सरावात काय बदलले असेल, असा प्रश्न त्यांनी विचारला. मग अमोल मुझुमदार यांच्याबद्दल सांगितले. १९८८ मध्ये शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा, रणजी पदार्पणात २६० धावा करणारा, आणि भारताची टोपी कधीच न मिळालेला. शफाली वर्मा मूळ संघात नव्हती, प्रतिका रावल जखमी झाल्याने आली, आणि अंतिम सामन्यात ८७ धावा करून गेली. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. ५२ धावांनी विजय झाला. त्या रात्री मुली घरी जायला तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सतराच्या सतरा हजर होत्या.

तक्रारीही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. चौथे काम, म्हणजे मोठ्या मुलांची चाचण्यांसाठीची तयारी, कमी पडते आहे. सोळा वर्षांवरील मुलांना टर्फवर ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचा वेग खेळण्याचा सराव हवा असतो. सरांकडे साइडआर्मने, म्हणजे चेंडू वेगाने फेकायच्या लांब दांड्याच्या साधनाने, तो वेग देण्याची सवय नाही आणि केंद्राने तसा सहायक अजून नेमलेला नाही. चांगला खेळणारा एक मुलगा याच कारणाने गेल्या जूनमध्ये पुण्याला गेला. निवडीच्या वेळी ही उणीव आम्हाला दिसली होती, आणि रणजी खेळलेल्या सरांनी हे काम अधिक चांगले केले असते, हे मी मान्य करते. दुसरे म्हणजे, पालकांशी लेखी संवाद जवळजवळ नाही. दर सहा महिन्यांनी मुलाची प्रगती लिहून देण्याचे ठरले होते. तीनपैकी दोनच वेळा ती मिळाली आणि दोन्ही वेळा मागावी लागली. सामन्यांसाठी संघ निवडताना वगळलेल्या मुलाला कारण सांगितले जाते, पण पालकांना सांगितले जात नाही. यामागची सरांची भूमिका मला पटते, तरी दूरच्या गावाहून पोराला घेऊन येणाऱ्या बापाला दोन वाक्ये ऐकायचा हक्क आहे. फी १,५०० वरून १,८०० रुपये झाली, ती पूर्वसूचना न देता. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर टर्फ टिकत नाही, त्यामुळे एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत सगळा सराव मॅटवर होतो. हा दोष सरांचा नव्हे, पण प्रवेश घेताना तो सांगितला जात नाही.

संघाचे निकाल पहिल्या वर्षी वाईटच होते. दुसऱ्या आढाव्यात यावरून आवाज चढले आणि मुदतीआधीच सरांना बदलावे असा प्रस्ताव आला. तेव्हा आम्ही जाहिरात काढून तीच चार कामे पुन्हा वाचली. दोन उत्तम, एक चांगले, एक अपुरे, अशी नोंद झाली आणि अपुऱ्या कामासाठी वेगळा सहायक शोधायचे ठरले. तो अजून मिळालेला नाही. येत्या जूनअखेर मुदत संपते आहे, आणि काम लिहिलेला तो कागद मी जपून ठेवला आहे. मुदतवाढीच्या बैठकीत मी त्यांच्या बाजूने मत देणार आहे, फी आणि लेखी प्रगतीच्या अटी मात्र घालूनच.

दहा ते चौदा वयाच्या मुलामुलींसाठी हे केंद्र मी कोणालाही निःशंकपणे सुचवीन. सोळाच्या पुढच्या, चाचण्यांची तयारी करणाऱ्या फलंदाजाला सध्या नाही. फी भरण्याआधी तीन दिवस मुलाला विनामूल्य बसवता येते. ते तीन दिवस मंगळवार ते गुरुवार निवडावेत, कारण सोमवारी आणि शुक्रवारी बहुतेक वेळ चित्रणात जातो आणि सरांना शिकवताना पाहायला मिळत नाही.